फट म्हणता बाग

अधिक महिन्याला आपल्याकडे धोंड्याचा महिना म्हणतात. या महिन्यात जावई साक्षात विष्णू असतो. सासुरवाडीने त्याला 33 अनारसे, चांदीचं निरांजन असं काहीबाही द्यायचं आणि त्याने संकोचल्यासारखं करून घ्यायचं. 2018 साली अधिक ज्येष्ठ आला, तेव्हा डोंबिवलीहून सासऱ्यांचा फोन आला. "जावईबापू, यंदा काय देऊ? मोकळेपणाने सांगा."

मी मोकळेपणाने सांगितलं, "अण्णा, धोंडेच द्या."

त्यांना वाटलं पुरणाचे. ते सासूबाईंना हरभऱ्याची डाळ भिजवायला सांगायला निघाले होते. मी घाईघाईने थांबवलं आणि म्हटलं, "खरे धोंडे. तुमचा स्वयंपाकघराचा ओटा फोडताय ना, तो कडप्पा फेकू नका. मला हवाय."

पलीकडे बराच वेळ काही आवाज नव्हता. मग अण्णा हळूच म्हणाले, "हिला फोन द्या जरा." ही म्हणजे माझी बायको, त्यांची मुलगी.

झालं होतं असं की, त्या उन्हाळ्यात रात्री झोप येत नसे म्हणून मी मोबाइलवर बागांचे फोटो बघायचो. त्यात एक बाग दिसली, जिच्यात मातीच दिसत नव्हती. दगडाच्या चपट्या फरश्या जमिनीत उभ्या रोवलेल्या, एकीला एक चिकटून, मध्ये जेमतेम बोटभर फट. आणि त्या फटींतून जांभळी, पांढरी, गुलाबी फुलं वर आलेली. याला क्रेव्हिस गार्डन म्हणतात आणि झेक लोकांनी यात मोठं नाव कमावलंय, एवढं वाचेपर्यंत पहाटेचे अडीच वाजले. उंच डोंगरावरची झाडं कड्याच्या भेगांमध्ये वाढतात. त्यांची मुळं दगडांच्या मधून खोल, गार, ओलसर जागी उतरतात, पण बुंध्याशी पाणी क्षणभरही थांबत नाही. पाय ओले आणि मान कोरडी, अशी त्यांची राहणी. तोच कडा घराच्या अंगणात उभा करायचा. फरश्या अर्ध्याहून जास्त जमिनीत गाडायच्या, सगळ्या एकाच दिशेला थोड्या कललेल्या ठेवायच्या आणि फटींत रेती आणि बारीक खडी भरायची. माती नावाला. फोटोतल्या त्या फरश्या मला सकाळी 8:12 च्या फास्ट लोकलच्या दारातल्या माणसांसारख्या दिसल्या. उभ्या, एकमेकींना रेटून, सगळ्या एका अंगाला झुकलेल्या. म्हटलं, हे मुंबईत जमलंच पाहिजे.

सकाळी हिला सांगितलं. ही पोहे परतत होती. म्हणाली, "दगडात फूल हवंय ना? मसाल्याच्या डब्यात आहे. दगडफूल. गोडा मसाला करताना दोन-तीनच टाकते, जास्त झालं की कडू लागतं."

आम्ही मुलुंडला तळमजल्यावर राहतो. स्वयंपाकघराच्या खिडकीमागे आठ फूट बाय चार फुटांची एक पट्टी आहे. कायद्याने ती सोसायटीची आहे, वहिवाटीने आमची आहे आणि प्रत्यक्षात वरच्या सहा मजल्यांची आहे, कारण त्यांचे कपड्यांचे चिमटे, शेंगांची टरफलं आणि एकेकटे मोजे तिथेच पडतात. परवानगीसाठी सेक्रेटरींकडे गेलो. त्यांनी "फट" हा शब्द ऐकला मात्र, त्यांचा चेहराच बदलला.

त्यात त्यांचीही चूक नव्हती. त्याच महिन्यात सोसायटीने गच्चीखालच्या भिंतीतला पिंपळ काढून घेण्यासाठी एका माणसाला दोरीने खाली सोडलं होतं. कावळ्याने खाल्लेलं फळ विष्ठेतून भिंतीच्या भेगेत पडतं, तिथे पिंपळ रुजतो आणि मग चौथ्या मजल्यावर लीकेज सुरू होतं. फटीत झाड उगवू नये म्हणून सोसायटी वर्गणी काढत होती आणि फटीत झाड उगवावं म्हणून मी अर्ज घेऊन उभा होतो. फट म्हणता ब्रह्महत्या म्हणतात, तो प्रकार.

मी त्यांना समजावलं की, ही काही परदेशी खुळं नाहीत. अंधेरीची गिल्बर्ट हिल बघा. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा बेसाल्ट, उभेच्या उभे खांब एकमेकांना चिकटलेले, साठेक मीटर उंच. वर गावदेवीचं देऊळसुद्धा आहे.

सेक्रेटरी म्हणाले, "ती टेकडी सोसायटीच्या आधीची आहे." पण शेवटी परवानगी दिली. अट एकच, बिल्डिंगच्या भिंतीपासून दीड फूट लांब.

धोंडे एका रविवारी टेम्पोतून आले. कडप्पा हा आंध्रातला काळा चुनखडीचा दगड. वरचा अंग घोटलेला, खालचा खडबडीत. आठ फुटी ओट्याची फरशी पाऊणशे किलोच्या आसपास भरते. फोडल्यावर तिचे तुकडे झाले, त्यात ओट्याखालचे उभे आधार आणि फळ्या, मोरीच्या दोन शहाबादी फरश्या, असा पाव टनाचा तरी ऐवज होता. दगडांसाठी नाक्यावर टोल भरणारा मी मुलुंडमधला पहिलाच जावई असेन. सोबत सासूबाई आल्या होत्या. एका तुकड्यावरचा हळदीचा डाग दाखवून म्हणाल्या, "इथे माझा पोळपाट असायचा. बत्तीस वर्षं." मग पदराने तो तुकडा पुसला आणि म्हणाल्या, "हा पुढे लावा." कुठल्याही बागेच्या आराखड्याला एवढी स्पष्ट सूचना मिळाली नसेल.

पहिली फरशी उतरवताना ती माझ्या डाव्या पायावर पडली. पायावर धोंडा पाडून घेणे हा वाक्प्रचार शाळेत मी वाक्यात उपयोग करा म्हणून लिहिला होता. आता करून दाखवला. अंगठ्याचं नख काळं झालं. हिने बर्फ लावला आणि मुलाला हाक मारून म्हणाली, "बघ रे, बाबांना विष्णूपद मिळालं."

मिस्त्री चांगला होता, हीच अडचण झाली. हाताखालच्या पोराला घेऊन त्याने दीड फूट खड्डा खणला, तळाशी फुटक्या लाद्यांचे तुकडे टाकले, ओळंबा काढला. पण फरशी उभी लावायची हे त्याला पटेना. "साहेब, लादी आडवी असते. उभी केली तर तिला काय म्हणायचं?" मी म्हटलं, कडा म्हणायचं. त्याने पोराकडे पाहिलं, पोराने माझ्याकडे. तरी दुपारपर्यंत सतरा फरश्या उभ्या राहिल्या. मध्ये दोन-दोन सेंटीमीटरच्या फटी, सगळ्या पूर्व-पश्चिम, म्हणजे प्रत्येक फरशीची उत्तरेची बाजू सावलीत. हळदीचा डाग पुढे. मी खूश होऊन जेवायला गेलो आणि रविवार असल्याने जेवल्यावर जरा आडवा झालो.

चार वाजता बाहेर येऊन बघतो, तर एकही फट नाही.

मिस्त्री हात धूत होता. अभिमानाने म्हणाला, "साहेब, लई फटी राहिल्या होत्या. व्हाइट सिमेंट भरून टाकलं. आता थेंब आत जाणार नाही." आयुष्यभर ज्या माणसाला लोकांनी फट राहिली म्हणून बोल लावले, त्याला फट ही वस्तू कशी समजावणार? मी त्याच्या हातात छिन्नी दिली. अजून ओलंच होतं, म्हणून निघालं. त्याने ते खरवडताना माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती नजर मी बँकेत कर्ज नाकारलेल्या लोकांच्या डोळ्यांत पाहिली आहे. (मी बँकेत आहे.) जाताना त्याने मजुरी घेतली आणि हिला बाजूला बोलावून विचारलं, "साहेबांची तब्येत बरी असते ना?"

रेती आणि खडीची चुरी मी स्वतः भरली. लोणच्याच्या बरणीचा लांब दांड्याचा चमचा, रॉकेलच्या काळातलं नरसाळं आणि आईची विणकामाची सुई, ही माझी अवजारं. सहा गोण्या गेल्या. दोन चिमटे आणि मुलाचा एक प्लॅस्टिकचा वाघही आत गेला. ते अजून तिथेच आहेत.

आता झाडं. ती डोंगरातली खास झाडं मिळवायला मी काय काय केलं, हे सगळं सांगत नाही. एडेलवाइसच्या बिया मागवल्या, त्या ओल्या रेतीत कालवून काही आठवडे फ्रिजमध्ये ठेवायच्या असतात, म्हणजे त्यांना हिवाळा झाल्यासारखा वाटतो. हिवाळा विरजणाच्या भांड्याशेजारी नऊ दिवस टिकला. दहाव्या दिवशी आईने "डब्यात माती कुणी ठेवली" म्हणून घासून ठेवला. सेंपरव्हायव्हम नावाची छोट्या कमळासारखी झाडं कुरियरने आली. लॅटिनमध्ये त्या नावाचा अर्थ 'सदा जिवंत'. आमच्याकडे तेरा दिवस होती. म्हणजे स्वतःचं सुतक स्वतःच पाळून गेली.

राहिलं सॅक्सिफ्रेज. हे या बागांचं मानाचं झाड. याच्याही नावाचा अर्थ लॅटिनमध्ये दगड फोडणारं. मी आनंदून गेलो, कारण आपल्या आयुर्वेदातलं पाषाणभेद म्हणजे त्याच कुळातलं हिमालयातलं झाड आणि नावही शब्दशः तेच. दोन भाषा, एकच दगड. मी नर्सरीत जाऊन रुबाबात विचारलं, "पाषाणभेद आहे का?"

नर्सरीवाल्याने आवाज खाली आणला. "किती एमएमचा आहे?"

मला कळेना. "फट ना? वीस एमएम."

तो दोन पावलं मागे सरकला. "वीस? काका, वीसला झाडपाला नाही चालत. ऑपरेशनच." मग दयेने त्याने मला पानफुटीची तीन रोपं दिली, पैसे घेतले नाहीत आणि सकाळी उपाशीपोटी एक पान चावून खा म्हणून सांगितलं. मुतखड्यासाठी.

फटींत रोप लावणं हे काम शस्त्रक्रियेचं. मुळांची सगळी माती पाण्यात धुऊन काढायची, मुळं सुईने फटीत सोडायची, चुरी सोडायची, बुंध्याशी दगडाची कपची ठोकायची. चिनी गुलाब, दोन-तीन प्रकारचे सेडम, एक हावर्थिया आणि ती पानफुटी, असं सगळं मी दोन संध्याकाळी लावलं. तिसऱ्या संध्याकाळी पाऊस आला.

झेक लोकांच्या राजधानीत, प्राहाला (म्हणजे प्रागला), वर्षभरात पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला चोवीस तासांत 944 पडला होता. माझी बाग पहिल्या आकड्यासाठी बनली होती आणि दुसऱ्याच्या गावात उभी होती. तरी झेक लोकांचं डोकं मानलं पाहिजे. पाणी धो धो पडे आणि फटींतून सरळ खाली जाई, थेंब साचत नसे. पण जुलैत हवाच एवढी ओली की, सेडमना पावसाची गरज उरली नाही. ते उभ्या उभ्या पाघळले. हावर्थियाची उकडलेली भेंडी झाली.

त्यात भक्तिभाव. उभे काळे दगड, तेही ओळीने, आपल्या लोकांना बघवत नाहीत. दुसऱ्या मजल्यावरचे काका ट्रेकला जाणारे, त्यांनी वीरगळ आहेत का विचारलं. एका सकाळी मधल्या फरशीवर जास्वंद होतं. मग उदबत्ती आली. श्रावणी सोमवारी कुणीतरी दूध घातलं, आणि मी ज्या फटीत पाणी साचू नये म्हणून पाव टन दगड वाहून आणले होते, तिथे दह्याचा वास येऊ लागला. शेंदूर मात्र मी वेळेत थांबवला. सेक्रेटरींना स्पष्ट सांगितलं की, एकदा शेंदूर लागला की ती पट्टी ना तुमची ना माझी. त्या दिवशी आमचं पहिल्यांदा एकमत झालं आणि त्यांनी नोटीस बोर्डावर लिहिलं, "तळमजल्यामागील दगड हे दगड आहेत."

सप्टेंबरात पाऊस ओसरला, तेव्हा बागेत तीन गोष्टी जिवंत होत्या. एक, कंबरमोडी. तिला मी लावलं नव्हतं. तिला दगडीपालाही म्हणतात, हे मला त्या दिवशी आईने सांगितलं. चार महिने मी ज्या जातीची झाडं परदेशातून मागवत होतो, ती फुकट, नावासकट उगवली होती. दोन, बोटभर पिंपळ. तो सेक्रेटरींना दिसायच्या आत मी मुळासकट उपटायला गेलो, तर तो पार खाली उतरलेला. मुळं खोल, गार, ओलसर जागी. पुस्तकी वाढ. दर पंधरा दिवसांनी मी त्याचा शेंडा खुडतो आणि दर पंधरा दिवसांनी तो येतो.

तीन, पानफुटी. तिला मुंबईचा पाऊस म्हणजे माहेर. गळालेल्या प्रत्येक पानाच्या कडेला पिल्लं फुटली, ती फटीफटींत पडली आणि दिवाळीनंतर सतरा फरश्यांमधून हिरव्या रांगा आल्या. थंडीत लाल-हिरवी घंटेसारखी फुलं लोंबू लागली. मी फोटो काढला. फोटोतल्या त्या बागेच्या शेजारी ठेवला. लांबून, चष्मा काढून बघितलं तर बऱ्यापैकी जमलं होतं.

आता आमच्याकडे सकाळी सहाला बेल वाजते. "एक पान हवं होतं, यांना परत त्रास होतोय." गुण येतो की नाही ते मला ठाऊक नाही, मी सगळ्यांना डॉक्टरकडे जायला सांगतो. ते हो म्हणतात आणि पान नेतात. शेजारच्या दोन सोसायट्यांतही आमची ओळख पसरली आहे. आमच्या पत्त्याची खूण पूर्वी गिरणीच्या समोर अशी होती, आता मुतखडेवाल्यांचं घर अशी आहे.

2020 चा अधिक आश्विन टाळेबंदीत गेला. धोंडे व्हॉट्सॲपवर आले, फोटो स्वरूपात. 2023 ला अधिक श्रावण लागला, त्याच दिवशी अण्णांचा फोन. ही स्पीकर लावून पोळ्या लाटत होती.

"जावईबापू, यंदा बाथरूम फोडतोय. शहाबादी निघणार आहे, भरपूर. टेम्पोवाला तोच आहे. काय करू?"

हिचं लाटणं थांबलं. आईने टीव्हीचा आवाज कमी केला. मी खिडकीतून मागे पाहिलं. भिंतीपासून दीड फूट सोडलं, तरी पश्चिमेला अजून दोन फूट जागा होती.

"अण्णा," मी आवाज खाली आणून विचारलं, "किती एमएमची आहे?"