फुकटची खुर्ची

आमच्या कोथरूडच्या घरात खिडकीलगत सात फुटांची एक भिंत आहे. माझ्या यूट्यूबच्या व्हिडिओंत लोकांना आमचं घर सुंदर वाटतं ते या सात फुटांमुळे. उरलेलं घर कॅमेऱ्याच्या मागे असतं: वाळत घातलेले पंचे, इस्त्रीचा ढीग, नानांच्या औषधांचा डबा आणि फ्रेममध्ये येऊ नये म्हणून रांगत फ्रीजकडे निघालेला माझा नवरा.

सुरुवात बंबापासून झाली. जुन्या बाजारातून तांब्याचा बंब आणला, तांबट आळीत नेऊन पोचे काढून घेतले आणि आत मनीप्लांट लावला. "बंबात झाड? मग आंघोळ कुंडीत करायची का?" असं नाना, म्हणजे माझे सासरे, म्हणाले. पण तो व्हिडिओ दोन लाख लोकांनी पाहिला आणि माझ्या डोक्यात शिरलं, की या घराने आता स्वतःचा हप्ता स्वतः कमवावा.

यूट्यूबवर जाहिरातींचे पैसे मिळवायचे तर १००० सबस्क्रायबर लागतात आणि वर्षभरात लोकांनी तुम्हाला ४००० तास पाहावं लागतं. सबस्क्रायबरांचं मी बघितलं. एका लग्नात तर पंगतीत फिरून, जिलबी वाढता वाढता, साठजणांचे मोबाइल हाताळले. तासांची जबाबदारी सांगलीच्या आईने उचलली. रोज रात्री माझे व्हिडिओ लावून झोपायची. "अगं, तीनला जाग आली तर अंधारात तू कुशनचे रंग सांगत होतीस. केवढी दचकले!"

दुसरी कमाई लिंकची. माझ्या लिंकवरून कुणी दिव्यांची माळ घेतली की चार टक्के मला. तीन महिन्यांत ११४० रुपये झाले. पोचे काढायला त्याहून जास्त गेले होते. कमाई एवढीच, कारण लोकांना नेमकं तेच हवं असतं जे दुकानात मिळत नाही. बंब हवा, आजेसासूबाईंचा पाट हवा. आणि सगळ्यांना भिंतीचा रंग हवा. तो बिल्डरने दिलेला डिस्टेंपर आहे, चौदा उन्हाळ्यांत पिकलेला. त्याची लिंक कुठून देऊ?

आणि मग खुर्ची आली. एका कंपनीने चक्क आरामखुर्ची पाठवली, किंमत २४००० रुपये. व्हिडिओ करा, खुर्ची तुमची. मी पेढे वाटले. पेढा तोंडात असतानाच दीर, जो सीए आहे, म्हणाला, "वहिनी, टीडीएस?"

२०२२च्या जुलैपासून म्हणे असा नियम आहे. धंद्याच्या निमित्ताने कुणाकडून वर्षात वीस हजारांच्या वर फुकट वस्तू मिळाली, तर देणाऱ्याने तिच्या किमतीवर दहा टक्के कर आधीच कापायचा, हाच तो टीडीएस. आता खुर्चीतून दहा टक्के कसे कापणार? एक हात तोडून देता येत नाही. म्हणून कंपनीने आधी २४०० रुपये भरल्याची पावती मागितली. म्हणजे धंद्यातली माझी सगळ्यात मोठी कमाई मलाच २४०० रुपयांना पडत होती, पेढे वेगळे.

"व्हिडिओ झाल्यावर खुर्ची परत केलीस तर कर नाही," दिराने वाट दाखवली. ठरलं. कंपनीची ना नव्हती. शनिवारी शूटिंग, सोमवारी टेम्पो.

शनिवारी प्रकाश बरोबर यावा म्हणून मी नानांना दोन मिनिटं खुर्चीत बसवलं. त्यांनी मान टेकली. पाय लांब केले. चाळीस वर्षं लाकडी खुर्चीत ताठ बसून नोकरी केलेला माणूस. असा सैलावलेला मी त्यांना कधी पाहिला नव्हता. रविवारी दुपारी ते तिथेच घोरले. सोमवारी टेम्पोवाला दारात आला तेव्हा ते पेपर वाचत होते. उठले नाहीत, पेपरही खाली केला नाही.

टेम्पोवाल्याला फेरीचे साडेतीनशे देऊन परत पाठवलं आणि २४०० ऑनलाइन भरले. पावतीचा प्रिंट काढत होते तेवढ्यात मागून आवाज आला.

"अगं, पाय ठेवायला पण पाठवतात का काही, बघ जरा."