असेल माझा हरी, तर गारवा पाठवील घरी

हवामानबदल नाकारायचाय? मग विज्ञानाच्या वाटेला जाऊ नका, तिथे आकडे असतात. सरळ देवाला मध्ये घाला. आणि गुरू करायचाच तर अमेरिकेतला करा.

ओक्लाहोमाचे सिनेटर जेम्स इनहोफ २६ फेब्रुवारी २०१५ रोजी पिशवीत बर्फाचा गोळा घेऊन थेट सिनेटमध्ये आले. बाहेर थंडी आहे, मग पृथ्वी तापते कुठे? (आमच्या गल्लीत पाऊस नाही, म्हणजे मुंबईची लोकल वेळेवर.) गृहस्थ तेव्हा सिनेटच्या पर्यावरण समितीचे अध्यक्ष होते. बोक्याकडे शिंकाळं सोपवावं, तसं.

गोळा वितळतो, म्हणून एखादं वचनही पाठ असू द्या. बायबलच्या ‘उत्पत्ती’त महापूर ओसरल्यावर देव म्हणतो, पृथ्वी आहे तोवर पेरणी आणि कापणी, थंडी आणि ऊन, उन्हाळा आणि हिवाळा थांबणार नाहीत. इलिनॉयचे खासदार जॉन शिमकस यांनी २००९ मध्ये प्रतिनिधीगृहाच्या सुनावणीत हेच वाचून दाखवलं. उन्हाळा थांबणार नाही, हे तर शास्त्रज्ञही कधीपासून ओरडून सांगताहेत. पण तुम्ही तिकडे लक्ष देऊ नका.

वचन आठवलं नाही, तर मिशिगनचे खासदार टिम वॉलबर्ग यांचं २०१७ मधलं उत्तर सुटसुटीत आहे: खरंच संकट असलं, तर देव बघून घेईल. घराचा विमा मात्र चुकवू नका. देवावर हवाला ठेवायचा तो फक्त धुराड्यापुरता.

पंचाईत होते ती देवमाणसांचीच. २०१५ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात तापमानवाढीचा दोष मुख्यतः माणसाच्या पदरात घातला. ते प्रसिद्ध होण्याआधीच रिक सँटोरम या निष्ठावंत कॅथलिक नेत्याने खुद्द पोपना सुनावलं: विज्ञान शास्त्रज्ञांवर सोडा! शास्त्रज्ञ काय म्हणतात, ते मात्र विचारायचं नाही. पोप तेच तर म्हणत होते. टेक्सासच्या कॅथरीन हेहो तर हवामानशास्त्रज्ञ, श्रद्धाळू इव्हँजेलिकल ख्रिश्चन आणि वर पाद्र्याच्या पत्नी. समोरून आल्या तर रस्ता बदला.

आपल्याकडे जरा उलटं चालतं. तिकडे देव काही होऊ देत नाही, इकडे जे होतं ते देवच करतो. १६ जून २०१३ रोजी उत्तराखंडात जलविद्युत प्रकल्पापायी धारीदेवीची मूर्ती हलवली आणि लगेच केदारनाथला प्रलय आला. देवीचा कोप! एवढं म्हटलं की चोराबारी हिमनदीजवळचं फुटलेलं सरोवर, नदीकाठी बांधलेली हॉटेलं, त्यांना मिळालेल्या परवानग्या, कशाचंच नाव घ्यावं लागत नाही. देवी काही अब्रुनुकसानीचा दावा लावायला येत नाही.