‘नळाचे पाणी पुरते’ म्हणणाऱ्या वाचकास

महोदय,

गाडीचा रेडिएटर धुऊन कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारा द्रव, बदलण्यावरील माझ्या लेखाबद्दल आपण लिहिले आहे की, नागपुरात बर्फ पडत नाही म्हणून नळाचे पाणी पुरते, कूलंट हा दुकानदारांचा धंदा आहे, कूलंटचे पाच लिटरचे माप चुकले आहे आणि ‘लेखकाने आयुष्यात कधी पाना हातात धरलेला दिसत नाही’.

पाच लिटरचे मान्य आहे. ते माझ्या गाडीचे माप होते. ते प्रत्येक गाडीचे वेगळे असते, हे लिहायला हवे होते.

पान्याचे वाक्य मात्र मी सोडून देणार नाही. मतभेद जरूर असावा, परंतु ज्या माणसाला आपण कधी पाहिलेले नाही, त्याच्या हातांविषयी असे बोलणे कोणत्या रीतीत बसते? नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या घरासमोर वडील त्यांची प्रीमियर पद्मिनी उघडत, तेव्हा सातवीत असलेला मी त्यांना पाने काढून देत असे. 2009 च्या मे महिन्यात वर्धा रोडवर बुटीबोरीच्या अलीकडे माझ्या गाडीचा तापमानाचा काटा लाल रेघेवर गेला, तेव्हा रेडिएटरच्या झाकणाला हात न लावता, इंजिन निवेपर्यंत मी दीड तास बाभळीखाली बसून होतो. घरी येऊन रेडिएटरचा खालचा होज (रबरी नळी) सोडला, तर चहाच्या रंगाचे पाणी आले आणि त्यासोबत नखाएवढे पांढरे पापुद्रे. इंजिनकडून रेडिएटरकडे पाणी सोडणाऱ्या थर्मोस्टॅटच्या झडपेवर क्षार इतका बसला होता की ती अर्धीच उघडत होती. आदल्या उन्हाळ्यात एका गॅरेजवाल्याने त्यात बोअरचे पाणी भरले होते. हीटर पूर्ण गरमवर ठेवून, दर वेळी इंजिन निवू देऊन, तीनदा पाणी भरले आणि काढले, तेव्हा कुठे ते नितळ आले. हे सारे मी स्वतःच्या हाताने केले आहे.

बर्फाचे म्हणाल, तर कूलंट केवळ गोठणे टाळण्यासाठी नसतो. डिस्टिल्ड पाण्यात कूलंटमधला मुख्य घटक, ग्लायकॉल, निम्मा मिसळला की ते मिश्रण साध्या दाबाला 107 अंशांच्या आसपास उकळते, रेडिएटर कॅपचा दाब ही मर्यादा आणखी वर नेतो, आणि 45 अंशांच्या उन्हात सिग्नलवर थांबलेल्या गाडीला तेवढाच आधार असतो. शिवाय त्यातली गंजरोधक द्रव्ये कालांतराने संपतात. बदलायचे ते त्यासाठी. नुसत्या पाण्यात ती मुळातच नसतात.

दुकानदारांच्या धंद्याविषयी मी काही बोलू इच्छित नाही, कारण मी कोणत्याही कंपनीचे नाव घेतलेले नाही. मापाची दुरुस्ती आज रात्री लेखात करतो. पान्याचे वाक्य आपणही मागे घ्यावे, अशी अपेक्षा आहे.