गेकोच्या जोडीला ‘सोबत’ म्हणू नका: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुमच्या प्रतिक्रियेचा सूर असा: लेपर्ड गेकोची (ही घरी पाळली जाणारी ठिपकेदार पाल) जोडी लावण्याच्या लेखात मी नव्या प्राण्याचं ९० दिवसांचं विलगीकरण, वजनकाटा, काही मिनिटांची भेट असली सोंगं सांगून साधी गोष्ट अवघड केली. तुमचे नर-मादी आठ महिने एकाच टाकीत आहेत, बिलगून झोपतात, आणि प्राण्याला एकटं ठेवणं हा क्रूरपणा आहे.

आधी बिलगण्याबद्दल. टाकीत उबदार लपण एकच असेल तर दोघंही तिथेच शिरणार. त्याला माया म्हणायचं तर बसमधल्या गर्दीलाही म्हणावं लागेल! तेवढंच गरम दुसरं लपण ठेवून बघा. लेपर्ड गेकोला सहवासाची गरज नसते; एकटा गेको नीट खातो, शिकार करतो, वर्षानुवर्षं जगतो.

खरी अडचण मादीची. नर मुक्कामाला असला की तो तिच्या मागेच असतो. ती एका खेपेला बहुधा दोन अंडी घालते आणि दोन-चार आठवड्यांनी पुन्हा. कवचासाठी लागणारं कॅल्शियम आणि शेपटीतली चरबी त्यात संपत जाते. शिवाय मादी वीर्य साठवून ठेवू शकते, म्हणजे एका मीलनावर अनेक खेपा होतात. मग नराला तिथे ठेवून मिळवायचं काय?

एका मुद्द्यावर मात्र तुम्ही मला बरोबर पकडलंत. ‘मादी ४५ ग्रॅमची झाली की चालेल’ हे माझं वाक्य अर्धवट होतं. भरपूर खायला घातलेली मादी सात-आठ महिन्यांतही तेवढी भरते, पण तिची हाडं अजून तयार व्हायची असतात. वजन ४५-५० ग्रॅमच्या पुढे, वय वर्षाच्या पुढे, शेपूट मानेइतकी जाड, हे तिन्ही जमलं तरच. लेखात दुरुस्ती करते.

विलगीकरणावर मागे हटणार नाही. क्रिप्टोस्पोरिडियम हा आतड्यातला परजीवी लेपर्ड गेकोची शेपूट काडीसारखी करून टाकतो, खात्रीचा उपचार नाही, आणि साध्या ब्लीचने तो मरत नाही. बाधित प्राणी सुरुवातीला धडधाकट दिसू शकतो. विष्ठेतून परजीवी रोज बाहेर पडतोच असं नाही, म्हणून एक चाचणी स्वच्छ आली की काम झालं असं होत नाही. अंतराने पुन्हा करावी लागते. नव्या प्राण्याचा चिमटा, पाण्याची वाटी वेगळी, आणि त्याला खायला घालायचं सगळ्यात शेवटी.

आता भेट. त्याआधी लिंग पक्कं करा: पारदर्शक डब्यात ठेवून खालून पाहिलं की नराच्या मागच्या पायांमध्ये उलट्या व्ही आकारात मेणचट छिद्रांची ठळक रांग आणि शेपटीच्या मुळाशी दोन फुगवटे दिसतात. सहा महिन्यांच्या आत अंदाज चुकू शकतो, आणि दोन नर समोरासमोर आले तर रक्त निघतं.

मादी कात टाकत असेल तर भेट पुढे ढकला. नर मादीला कातडीच्या वासावरून ओळखतो; कात टाकताना तो वास बदलतो आणि नर तिला परका नर समजून तुटून पडू शकतो. ‘काल प्रेमात होता, आज चावला’ या तक्रारीमागे कित्येकदा एवढंच असतं.

भेटीत नजर शेपटीवर ठेवा. टोक भरभर थरथरून जमिनीवर खडखड वाजलं तर नराने मादी ओळखली. पाय ताठ करून, पाठ कमानीसारखी उचलून शेपूट सावकाश डोलवू लागला तर लगेच वेगळं करा. ओळख पटली असेल तर मग तो तिची मान धरतो. हलके ओरखडे चालतात, जखम नाही. मादी स्थिर राहिली, शेपूट उचलली तर काम काही मिनिटांत उरकतं. ती पळत असेल, उलटून चावत असेल तर त्या दिवशी नाद सोडा, आठवड्याने बघा. नंतर नराचं जननेंद्रिय परत त्याच्या शरीरात गेलं ना, तेही पाहा. बाहेर राहिलं तर ते ओलं ठेवून पशुवैद्य गाठा.

‘रंगावरून जोडीदार निवडला तर बिघडलं काय?’ असंही तुम्ही विचारता. एनिग्मा या रंगवाणात (पैदाशीतून जपलेल्या रंगाच्या प्रकारात) तोल जाणं, गोल गोल फिरणं असे मेंदूचे दोष येतात. लेमन फ्रॉस्ट या दुसऱ्या रंगवाणात गाठी (ट्यूमर) होतात. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हा रंग आणि गाठी दोन्हींचा संबंध स्पिंट-१ या एकाच जनुकाशी दिसला. अशा प्राण्यांची जोडी लावूच नये.

तुमच्या जोडीचं म्हणाल तर नर आजच हलवा. अंडी तरीही येतील, तेव्हा मादीला ओलसर कोको पीटची (नारळाच्या काथ्याच्या भुशाची) झाकणवाली डबी आणि वाटीत नुसती कॅल्शियमची पूड ठेवा, दर आठवड्याला वजन लिहून ठेवा. अंडी उचलण्याआधी वरच्या बाजूला पेन्सिलीने खूण करा आणि ती बाजू वरच राहू द्या. उलटलं तर आतला गर्भ मरू शकतो.