‘दिवाळखोरीचा अर्ज टाका, गाडी वाचवा’: ठाण्यात हे चालत नाही

घोडबंदर रोडपासून खारघरपर्यंतच्या सोसायट्यांच्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतो आहे. मजकूर थोडक्यात असा: गाडीचे हप्ते थकलेत? कोर्टात दिवाळखोरीचा अर्ज टाका. अर्ज पडला की १८० दिवस बँक गाडीला हात लावू शकत नाही. गाडी ही गरजेची वस्तू, ती कायद्यानेच वाचते. नको असेल तर चावी परत करा, कर्ज तिथेच संपलं. बाकीची देणी सहा महिन्यांत माफ. आणि अर्जाआधी जुनी गाडी बायकोच्या नावावर करून नवी घेतलीत तर उत्तमच.

बँकेत वाहनकर्जाच्या टेबलावर बसलेल्या माणसाला हे वाचून हसू येतं, पण हप्ता बाउन्स झालेल्या माणसाला येत नाही. तो हे खरं धरून वकिलाची फी भरतो आणि तोवर गाडी बँकेने ओढून नेलेल्या गाड्यांच्या यार्डात गेलेली असते.

मेसेजमधला बराचसा माल अमेरिकेचा आहे. तिथे दिवाळखोरीचा अर्ज दाखल होताच वसुलीला आपोआप स्थगिती मिळते, गाडी ओढून नेण्यालाही. पण तिथेही गाडी फुकट राहत नाही. तिथल्या दिवाळखोरी कायद्याच्या ‘चॅप्टर ७’ मध्ये कर्जदाराला ठराविक मुदतीत सांगावं लागतं की गाडी परत देणार, तिची आजची किंमत एकरकमी भरून सोडवणार, की कर्जाचा करार पुन्हा स्वतःवर घेऊन हप्ते चालू ठेवणार. ‘चॅप्टर १३’ मध्ये तीन ते पाच वर्षांची परतफेडीची योजना असते आणि तेवढ्या काळात कर्जावर दुसरी गाडी घ्यायची तर साधारणपणे कोर्टाची किंवा प्रकरण सांभाळणाऱ्या ट्रस्टीची परवानगी लागते. स्थगिती उठवा, असा अर्ज बँकही करू शकते. मेसेज लिहिणाऱ्याने यातली फक्त स्थगिती उचलली.

आता ठाणे. १८० दिवसांची गोष्ट २०१६ च्या नादारी आणि दिवाळखोरी संहितेतून आली आहे. व्यक्तींच्या नादारीचा, म्हणजे देणी फेडता न येण्याचा, भाग त्या संहितेत आहे खरा, पण तो लागू झाला १ डिसेंबर २०१९ पासून आणि तोही फक्त कंपन्यांच्या कर्जाला वैयक्तिक हमी देणाऱ्यांपुरता. पगारदार, दुकानदार, रिक्षावाला यांच्यासाठी तो कागदावरच आहे. मग तुमच्याआमच्यासाठी काय उरतं? इंग्रजांच्या काळातले दोन कायदे. मुंबई शहरासाठी १९०९ चा आणि बाकी मुलखासाठी १९२० चा प्रांतिक नादारी कायदा. ठाणे, वाशी, ऐरोली इथला माणूस या दुसऱ्या कायद्याखाली ठाण्याच्या जिल्हा न्यायालयाकडे जातो. खारघर, कामोठे, पनवेल हे रायगड जिल्ह्यात, त्यामुळे तिथल्यांचा रस्ता वेगळा. अर्ज करायला देणं किमान किती हवं, तर ५०० रुपये. आकडा १९२० चा आहे, कुणी बदललेला नाही.

याच कायद्याचं कलम २८ मेसेजवाल्याने वाचलेलं दिसत नाही. कोर्टाने तुम्हाला नादार ठरवलं की तुमची मालमत्ता कोर्टाकडे किंवा कोर्टाने नेमलेल्या रिसीव्हरकडे जाते आणि साध्या घेणेकऱ्यांना (ज्यांचं तुमच्याकडे येणं आहे त्यांना) कोर्टाच्या परवानगीशिवाय दावा लावता येत नाही. क्रेडिट कार्डवाला, हातउसने देणारा, वाणी या रांगेत थांबतात. पण ज्याच्याकडे तारण आहे तो या रांगेत उभाच नसतो. त्याच कलमाच्या सहाव्या पोटकलमात स्पष्ट म्हटलं आहे की तारणावरून वसुली करण्याचा त्याचा हक्क जसा होता तसाच राहतो. तुमच्या आरसीवर हायपोथिकेशनमध्ये, म्हणजे तारणाच्या नोंदीत, बँकेचं नाव असेल, तर बँक हीच ती तारणवाली. म्हणजे अर्जामुळे तुमचा क्रेडिट कार्डवाला थांबेल, गाडीवाला थांबणार नाही. जे वाचवायचं म्हणून अर्ज टाकायचा, नेमकं तेच अर्जाच्या बाहेर राहतं.

याचा अर्थ रिकव्हरीवाल्याने तीन हात नाक्यावर गाडी अडवून चावी हिसकावावी, असा नाही. गुंड लावून गाड्या ओढू नका, हे सर्वोच्च न्यायालयाने २००७ साली प्रकाश कौर खटल्यात बँकांना सुनावलं. कर्जाच्या करारात ताबा घेण्याआधीची नोटीस, ताबा घेण्याची पद्धत आणि विक्रीआधीची शेवटची संधी हे लिहिलेलं असावं, असं रिझर्व्ह बँकेचं म्हणणं आहे. वसुलीचे फोन सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर करायचे नाहीत, हा २०२२ चा आदेश आहे. कुणी दमदाटी केली तर पोलीस आणि रिझर्व्ह बँकेचा लोकपाल दोघांकडे जा. फक्त एवढं लक्षात ठेवा की हे सगळं ताबा कसा घ्यायचा याबद्दल आहे. ताबा घेण्याचा हक्क त्याने जात नाही.

‘गरजेची वस्तू’ हा मुद्दा लवकर संपतो. जप्तीतून सुटणाऱ्या वस्तू दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० मध्ये आहेत: अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, कारागिराची हत्यारं. घरच्या वापराची मोटार त्यात नाही. २०१६ च्या संहितेत वाहनाचा उल्लेख आहे, पण बोजा नसलेल्या वाहनाचा. कर्जावरची गाडी तिथेही बसत नाही.

चावी परत केली की कर्ज संपलं, हा समज मात्र मेसेजच्याही आधीपासूनचा आणि सगळ्यात महागात पडणारा. समजा, ६ लाख ४० हजार बाकी आहेत. गाडी यार्डात गेली, लिलावात ४ लाख १० हजार आले. उरलेले २ लाख ३० हजार तुमच्याच नावावर राहतात, त्यावर टोइंग आणि यार्डाचं भाडं चढतं. नादारीच्या कायद्यातही तेच: बँक आधी तारण विकते आणि कमी पडलेल्या रकमेसाठी बाकीच्या घेणेकऱ्यांबरोबर हक्क सांगते. शिवाय यार्डातली गाडी म्हणजे बाजारात पडलेला भाव, घेणाऱ्याला माहीत असतं की विकणारा अडलेला आहे. त्यापेक्षा हप्ते दोन-तीन थकलेत तेव्हाच बँकेकडून फोरक्लोजरचा, म्हणजे कर्ज मुदतीआधी पूर्ण फेडण्याचा, आकडा लेखी घ्या आणि गाडी स्वतः विका. सेकंडहँड गाड्यांचे डीलर बँकेची बाकी थेट बँकेत भरून एनओसी (ना-हरकत पत्र) आणि फॉर्म ३५ (तारण संपल्याचा अर्ज) घेतात, मग आरटीओत एचपी, म्हणजे आरसीवरची तारणाची नोंद, उतरते. वरचा फरक तुम्हाला भरावा लागेल, पण तो बहुधा लिलावापेक्षा कमी असतो. गाडी ठेवायचीच असेल, तर मुदत वाढवून हप्ता कमी करायची मागणी लेखी द्या, खातं एनपीए (थकीत कर्ज) ठरायच्या आत, म्हणजे ९० दिवसांच्या आत. त्यानंतर बँकेतल्या माणसाच्या हातात फारसं काही राहत नाही, हे मी टेबलाच्या त्या बाजूने पाहिलेलं आहे.

सहा महिन्यांत माफी? मुदत कोर्ट ठरवतं, आणि तुमची मालमत्ता विनातारण देण्यांच्या रुपयाला आठ आणेही भरत नसेल, तर त्यात तुमचा दोष नव्हता हे पटवून द्यावं लागतं. नाहीतर बिनशर्त मुक्ती मिळत नाही. मिळाली तरी जामीनदार सुटत नाही. मेहुण्याने कर्जाला सही केली असेल तर बँक मेहुण्याच्या दारात उभी राहणार. खात्यातून आपोआप कापला जाणारा हप्ता बाउन्स झाल्याची फौजदारी तक्रारही निव्वळ या अर्जाने संपत नाही.

गाडी बायकोच्या नावावर करायचा सल्ला तर थेट खड्ड्यात नेणारा. एक तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५१ मुळे बँकेच्या संमतीशिवाय आरसी हलत नाही, मग आरटीओ ठाण्याचं एमएच-०४ असो की नवी मुंबईचं एमएच-४३. दुसरं, मोबदला न घेता केलेलं हस्तांतरण अर्जाच्या आधीच्या दोन वर्षांतलं असेल तर ते रद्द करून घेता येतं. घेणेकऱ्यांना फसवायला केलं असं दिसलं तर एक वर्षापर्यंत कैद.

राहिली नवी गाडी. नादार ठरलेल्या आणि अजून मुक्त न झालेल्या माणसाने ते न सांगता ५० रुपयांची उधारी जरी घेतली तरी सहा महिन्यांपर्यंत शिक्षा होऊ शकते, मग शोरूममधलं कर्ज दूरच. रोखीने जुनी वॅगन-आर घेतली तरी मुक्ती मिळेपर्यंत कमावलेली मालमत्ता कोर्टाकडेच जाते, तीही जाईल. घरात गाडी लागणारच असेल तर कमावत्या बायकोने किंवा मुलाने स्वतःच्या पैशाने, स्वतःच्या सीबिल स्कोअरवर, स्वतःच्या नावाने घ्यावी आणि तुम्ही त्या कर्जाला को-अ‍ॅप्लिकंटही होऊ नये.