'300 डीपीआय करा, साइज आपोआप येतो' म्हणे!

मंगळवारी रात्री ताईने भाच्याचा फोटो पाठवला. पोरगा एमएससाठी अमेरिकेला निघालाय, व्हिसासाठी फोटो लागतो, आणि तो त्याने घरीच संगणकावर तयार करून घरच्याच प्रिंटरवर छापला होता. "स्टुडिओचे पैसे वाचवले बघ," असं ताईचं कौतुक वर. मी फोटो उघडला आणि हातातला चहा खाली ठेवला. पोराचं तोंड थापून ठेवलेल्या कडक भाकरीसारखं पसरलं होतं.

"काय करालास रे हे?" म्हणून फोन केला, तर त्याने मला एक मेसेज पाठवला. हा त्याच्याकडे तीन ठिकाणांहून आलेला: कॉलेजचा ग्रुप, आमच्या नातेवाइकांचा ग्रुप आणि ताईचा भिशीचा ग्रुप. डोक्यावर दोन बाणांची खूण, म्हणजे गावभर फिरून आलेला. मजकूर थोडक्यात असा: मोबाइलचा फोटो 72 डीपीआयचा (म्हणजे इंचात 72 ठिपके) असतो म्हणून प्रिंट खराब येते, तो 300 करा, क्वालिटी वाढते आणि साइज आपोआप बरोबर येतो. 600 केलात तर दुकानापेक्षा भारी. स्क्रीनवर 100 टक्के झूम करून पट्टीने मोजून घ्या. माप जुळत नसेल तर रुंदी-उंचीचं प्रमाण बांधून ठेवणारी साखळीची खूण सोडवा आणि हवे ते आकडे भरा. प्रिंट देताना 'फिट टू पेज' चालू ठेवा. 4 बाय 6 च्या कागदावर सहा फोटो बसतात. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला फोटोही चालतो. शेवटी 'स्टुडिओवाले तुम्हाला हे कधीच सांगणार नाहीत.'

मी सोलापुरात नवी पेठेत सव्वीस वर्षं डीटीपी आणि फोटोछपाई करतोय, तेव्हा त्या शेवटच्या वाक्यातला गुन्हेगार मीच. सांगतो.

साखळीपासूनच सुरुवात करतो, कारण भाच्याची भाकरी तिनेच थापली. अमेरिकेच्या व्हिसाला 2 बाय 2 इंच, म्हणजे 51 बाय 51 मिलिमीटर फोटो लागतो. भाच्याकडे आपला नेहमीचा 35 बाय 45 मिलिमीटरचा होता. आयताचा चौकोन करायचा, तर मेसेज म्हणतो साखळी सोडवा. त्याने सोडवली, दोन्हीकडे 2 इंच लिहिलं आणि सॉफ्टवेअरने मुकाट्याने फोटो आडवा ताणला. 45 भागिले 35 करा. चेहरा उंचीच्या मानाने जवळजवळ 29 टक्के जास्त रुंद झाला. ही साखळी तिथे शोभेला नाही ठेवलेली. व्हिसाचा फोटो ओळख पटवायला असतो आणि त्यात संगणकावर फेरफार केलेला चालत नाही, असं त्यांच्या परराष्ट्र खात्याने स्पष्ट लिहून ठेवलंय. ताणलेलं तोंड म्हणजे फेरफार नाही तर काय?

बरं, न ताणता त्याच फोटोतून चौकोन कापला तर? तेही जमत नाही, आणि कोणताही मेसेज सांगत नाही ते इथे आहे. त्याच खात्याच्या नियमात हनुवटीपासून डोक्याच्या टोकापर्यंतचं अंतर 25 ते 35 मिलिमीटर हवं, म्हणजे फोटोच्या उंचीच्या 50 ते 69 टक्के. आपल्या 35 बाय 45 च्या फोटोत डोकं मुळातच उंचीच्या 70-80 टक्के भरलेलं असतं. त्यातून 35 बाय 35 चा चौकोन काढलात तर डोकं चौकटीला टेकतं, कानाच्या बाजूला श्वास घ्यायला जागा नाही. म्हणून मूळ, न कापलेला फोटो घ्यायचा, ज्यात खांद्याच्या बाहेर मोकळी भिंत आहे, आणि त्यातून 1 ला 1 प्रमाणात क्रॉप करायचं. क्रॉप म्हणजे कापणं, ताणणं नव्हे. फोटोशॉपमध्ये क्रॉपच्या पट्टीवर रुंदी 2 इंच, उंची 2 इंच आणि रेझोल्यूशन (तोच तो डीपीआय) 300 लिहिलं की एका फटक्यात काम होतं. मूळ फोटो नसेल तर पांढऱ्या भिंतीपुढे उभं राहून नवा काढा. तसाही तो सहा महिन्यांच्या आतलाच लागतो, आणि चष्म्याशिवाय.

आता 72 आणि 300. हे खूळ माझ्या दुकानात रोज येतं. "काका, फोटो 300 चा करून आणलाय." हो का? अरे, तू फाइलवरचं लेबल बदलून आणलायस.

डिजिटल फोटोला इंच नसतातच, त्यात असतात पिक्सेल, म्हणजे रंगाचे बारीक ठिपके. बारा मेगापिक्सेलच्या मोबाइलचा फोटो 4000 बाय 3000 पिक्सेलचा. त्याच्या पोटात एक आकडा लिहिलेला असतो: हे पिक्सेल एका इंचात किती दाटीने छापायचे. मोबाइल तिथे 72 का लिहितो? कॅमेऱ्याच्या फाइलमध्ये ही माहिती कशी भरायची याचं एक मानक आहे, एक्झिफ, जपानमध्ये तयार झालेलं. त्यात सरळ म्हटलंय की रेझोल्यूशन माहीत नसेल तर 72 लिहावं. म्हणजे 72 हा दर्जा नाही, तो 'माहीत नाही' या शब्दाचा आकड्यातला अवतार आहे. फॉर्मवर 'लागू नाही' लिहितो तसा. मोबाइलला काय माहीत तुम्ही तो फोटो पाकिटात ठेवणार की फ्लेक्सवर लावणार! त्या 72 वर विश्वास ठेवून हा फोटो छापायचा म्हटलं तर साडेपंचावन्न इंच रुंद होईल, अंगावर ओढून झोपावं एवढा. त्याच पिक्सेलना 300 लावले की 13.3 बाय 10 इंच. पिक्सेल एकही वाढला नाही, एकही कमी झाला नाही.

सोलापूरकराला हे कळायला अवघड नाही. माझे वडील यंत्रमागावर होते. चादरीवर छोटं भिंग ठेवून इंचातले धागे मोजायचे. तेवढेच उभे धागे दाट बसवले तर कापड अरुंद होतं, विरळ बसवले तर रुंद. धागे कुठून नवीन येत नाहीत. पिक्सेल म्हणजे धागे आणि डीपीआय म्हणजे दाटी, बस्स.

म्हणून 'साइज आपोआप येतो' ही थाप. भाच्याचा 2 इंचाचा फोटो 600 पिक्सेलचा, 300 लावल्यावर बरोबर 2 इंच. मेसेजचं ऐकून त्याला 600 करा: 'रिसॅम्पल'ची, म्हणजे पिक्सेलची संख्या बदलू देणारी, खूण काढलेली असेल तर प्रिंट 1 इंचाची होते, टिकलीएवढी. खूण ठेवलेली असेल तर साइज 2 इंचच राहतो, पण 600 बाय 600 चे 1200 बाय 1200 पिक्सेल होतात आणि चारातले तीन सॉफ्टवेअरने शेजारच्यांकडे बघून अंदाजाने रंगवलेले असतात. दुकानापेक्षा भारी म्हणे!

एवढं मात्र कबूल करतो की 300 हा आकडा मुळात चुकीचा नाही. हातात धरून बघायच्या फोटोला इंचात 300 पिक्सेल भरपूर होतात, आम्हीही तेच धरतो. पण ते पिक्सेल फोटोत आधी असायला लागतात. लागणारे इंच गुणिले 300, एवढाच हिशोब. 35 बाय 45 मिलिमीटरला 413 बाय 531 पिक्सेल, 4 बाय 6 इंचाला 1200 बाय 1800. गिम्प हे फोटोचं फुकट सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांसाठी: 'प्रिंट साइज' फक्त दाटी बदलतं, 'स्केल इमेज' पिक्सेल बदलतं. दोन्ही एकाच 'इमेज' मेन्यूत आहेत, तिथेच घोळ होतो.

स्क्रीनवर पट्टी लावून मोजायचं तर बोलायलाच नको. 100 टक्के झूम म्हणजे फोटोचा एक पिक्सेल स्क्रीनच्या एका पिक्सेलवर, कागदाचा त्यात संबंध नाही. तोच 600 पिक्सेलचा फोटो 24 इंची फुल एचडी मॉनिटरवर साडेसहा इंच भरतो आणि तेवढ्याच पिक्सेलच्या 15.6 इंची लॅपटॉपवर सव्वाचार. पट्टी कागदावर लावा.

'फिट टू पेज', म्हणजे पानात मावेल तसं लहान-मोठं करणं, हा दुसरा चोर. सगळी मापं बरोबर करून शेवटी इथे माती होते. बहुतेक प्रिंटर कागदाच्या अगदी कडेपर्यंत छापत नाहीत. समजा ए-फोरला दोन्ही बाजूंनी 3 मिलिमीटर सुटतात. 'फिट' चालू असेल तर पूर्ण ए-फोरवर मांडलेलं पान 210 ऐवजी 204 मिलिमीटरमध्ये कोंबलं जातं आणि 51 चा फोटो साडे-एकोणपन्नास होतो. डोळ्याला कळत नाही, पट्टीला कळतं. आणि 4 बाय 6 च्या कागदावर एकटा 2 इंचाचा फोटो 'फिट' करून दिलात तर थेट 4 इंचाचा! फोटोशॉपच्या प्रिंट खिडकीत 'स्केल टू फिट मीडिया'ची खूण काढून 100 टक्के ठेवा, पीडीएफमधून छापत असाल तर 'अ‍ॅक्च्युअल साइज'. 'बॉर्डरलेस'ही नको, कारण कडेला पांढरी रेघ राहू नये म्हणून प्रिंटर स्वतःहून फोटो जरासा मोठा करतो.

याच कारणाने 4 बाय 6 वर सहा फोटो हे गणितात बसतं, कागदावर नाही. कडा कापल्या गेल्या की सहाच्या सहा फोटोंची एकेक-दोनदोन बाजू जाते. पण अर्धी युक्ती खरी आहे, आमच्या पोटावर पाय देणारी असली तरी: 4 बाय 6 च्या कोऱ्या पानावर मधोमध दोन फोटो मांडा, भोवती बारीक रेघ द्या, आणि कुठल्याही लॅबमधून साधी 4 बाय 6 ची एक प्रिंट काढून आणा. चहाच्या पैशात काम होतं. हे मी गिऱ्हाइकांना सांगतो. स्टुडिओवाले कधीच सांगणार नाहीत म्हणे!

व्हॉट्सअ‍ॅपचं एवढंच: साध्या पद्धतीने पाठवलेला फोटो तो लहान करतो, लांब बाजू साधारण 1600 पिक्सेलवर आणून. त्यातून चेहऱ्याभोवतीचा चौकोन कापला की 600 उरतीलच असं नाही. 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, फाइल जशीच्या तशी येते.

भाच्याला बुधवारी दुकानात बोलावलं. आधी कोऱ्या पानावर 100 मिलिमीटरची आडवी रेघ काढून त्याच्या घरच्या प्रिंटरवर छापून आणायला सांगितली होती. स्टीलची पट्टी लावली, 97 भरली. "मामा, फिट चालूच राहिलं वाटतं," म्हणाला आणि घरी जाऊन परत छापून आला.

आता 100 भरली. मग भिंतीपुढे उभा केला.