शेण बघायला वरोऱ्याला

दिवाळीच्या सुट्टीत भाच्याला घेऊन हैदराबादला गेलो होतो. चारमिनार नको, आधी डायनासोर. म्हणून नौबत पहाडावरचं बिर्ला सायन्स सेंटर गाठलं.

"मामा, हा टी-रेक्स आहे का?"
"नाही रे, कोटासॉरस."
"चावतो?"
"झाडपाला खायचा."

पोराचा चेहराच पडला. मी मात्र तिथून हलेना.

हे कोटा म्हणजे राजस्थानातलं क्लासवाल्यांचं कोटा नव्हे. आपल्या गडचिरोलीत, सिरोंच्याजवळ प्राणहितेच्या काठी याच नावाचं गाव आहे. त्या गावावरून ज्युरासिक काळातल्या तिथल्या खडकांना नाव पडलं आणि खडकांवरून या प्राण्याला. हाडं मिळाली तेलंगणात, यामनपल्लीला, निदान 12 प्राण्यांची. जीवाश्मतज्ज्ञ पी. यादगिरींनी 1988 साली त्याचं बारसं केलं. समोर उभी आहेत ती खरी हाडं! कवटी तेवढी नाही, दातांवर भागलं. वर बसवलेलं डोकं अंदाजाने केलेलं. याच खडकांतला बारापासॉरस टागोराय कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत आहे. नावात 'मोठा पाय' या अर्थाचं 'बारा पा' आणि रवींद्रनाथ टागोर दोघंही आहेत, कवटी मात्र त्यालाही नाही.

पोरांना अमेरिकेतल्या प्राण्यांची नावं तोंडपाठ आणि हा शेजारी ठाऊक नाही, यात पोरांची चूक काय? खेळण्यांच्या दुकानात कोटासॉरस मिळतो कुठे? मला तरी चाळिशी उलटल्यावर कळला, तेही दुसऱ्या राज्यात तिकीट काढून.

परतीच्या गाडीत वरोरा आलं तेव्हा भाच्याला पिसदुऱ्याची गोष्ट सांगितली. याच तालुक्यात डायनासोरांच्या विष्ठेचे दगड सापडतात, सुमारे 6.5 कोटी वर्षांपूर्वीचे. डायनासोरांच्या काळात गवत नव्हतंच, असा तोवर समज होता. वंदना प्रसाद, अशोक सहानी आणि सहकाऱ्यांनी त्या दगडांत गवताच्या पेशींतले सिलिकाचे सूक्ष्म कण शोधून काढले आणि 2005 साली तो समज मोडीत निघाला. जगभरच्या चित्रकारांना डायनासोरांच्या पायाखाली गवत काढायची मुभा मिळाली ती आमच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या शेणामुळे, असं मी तरी छातीठोकपणे सांगतो.

टी-रेक्स तिथेच विसरला गेला. नागपूर येईपर्यंत एकच विषय: शेण दगड कसं होतं, वास येतो का, हातात घेता येतं का. पुढच्या सुट्टीत पिसदुऱ्याला जायचं ठरलंय. ताई म्हणते, "शेण बघायला कुणी सहल काढतं का रे?"